कॅरोटिडला लागलेली गाठ आणि दबलेली शीर: रिपोर्टातल्या या ओळींचा अर्थ काय?

प्रश्न: माझे काका, वय ५८, वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये माथाडी कामगार आहेत. तंबाखू आणि बिडीची जुनी सवय. काही महिन्यांपासून गिळताना उजव्या बाजूला टोचायचं, मग मानेत गाठ आली. दुर्बिणीच्या तपासणीत उजव्या पायरीफॉर्म सायनसमध्ये वाढ दिसली आणि बायोप्सीत कॅन्सर निघाला. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात लिहिलंय की मानेतली गाठ उजव्या कॅरोटिड धमनीला १८० अंशांपेक्षा कमी भागात लागून आहे, आणि उजवी ज्युग्युलर शीर दबलेली असून वेगळी दिसत नाही. शीर बंद पडली तर मेंदूला रक्त कसं जाणार? थुंकीतून दोनदा रक्तही आलं. नस फुटेल का? घशाची गाठ आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांचं नेमकं काय करते?

उत्तर:

ताई, शिरेच्या ओळीनं तुमची झोप उडालेली दिसते. ठाणे आणि नवी मुंबईत मान-घशाच्या कॅन्सरची ऑपरेशनं करतो, त्यामुळे असे रिपोर्ट नेहमी हातात येतात, आणि माझी नजर आधी धमनीच्या ओळीवर जाते. तिथे ‘१८० अंशांपेक्षा कमी’ लिहिलंय, ही काकांच्या बाजूची गोष्ट आहे. शीर दबली आहे ती बाब दुय्यम. आणि थुंकीतलं रक्त बहुतेक वेळा या दोन्हींतून येत नाही, गाठीनं स्वतःसाठी उभ्या केलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून येतं. म्हणजे तुमच्या एका प्रश्नात तीन तऱ्हेच्या रक्तवाहिन्या आहेत आणि गाठ प्रत्येकीशी वेगळं वागते. काकांना मी तपासलेलं नाही, तेव्हा उपचारांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो.

आधी शीर, कारण भीती तिचीच आहे. ज्युग्युलर शीर मेंदूला रक्त नेत नाही. मेंदूत वापरून झालेलं रक्त ती खाली हृदयाकडे आणते. वर रक्त पोचवतात त्या धमन्या: पुढून दोन कॅरोटिड आणि मागून मणक्यांमधून चढणाऱ्या दोन व्हर्टेब्रल. उजवी शीर बंद झाली तरी परतीचं रक्त डाव्या शिरेतून आणि मणक्यांभोवतीच्या शिरांच्या जाळ्यातून खाली येत राहतं. बहुतेक माणसांत उजवी ज्युग्युलर डावीपेक्षा मोठी असते, त्यामुळे ती एकदम बंद झाली तर काही दिवस चेहरा जड वाटू शकतो, त्या बाजूला सूज येऊ शकते. गाठ मात्र हळूहळू दाबत जाते. शरीराला दुसरी वाट रुंद करायला वेळ मिळतो आणि बऱ्याच पेशंटना काही जाणवतही नाही.

शीरच आधी का दबते? धमनीतला वरचा दाब १२० मिलिमीटरच्या आसपास असतो, तर ज्युग्युलरमधला जेमतेम एक आकडी. भिंतही पातळ. निरोगी माणूस उभा राहिला तरी ही शीर चपटी होते. त्यात घशातून निघणारा लसीकेचा (लिम्फचा, म्हणजे ऊतींतून गोळा होणाऱ्या पातळ द्रवाचा) प्रवाह ज्या ग्रंथींत जातो, त्या या शिरेला लागूनच वरपासून खालपर्यंत ओळीनं बसलेल्या असतात. पायरीफॉर्म सायनस, म्हणजे स्वरयंत्राच्या बाजूचा तो खोलगट भाग, लसीकावाहिन्यांनी भरलेला आहे. तिथला कॅन्सर लवकर मानेत उतरतो, आणि ‘गिळताना टोचतं’ म्हणून माणूस डॉक्टरकडे येईपर्यंत मानेत गाठ आलेली असते. याउलट स्वररज्जूंवर लसीकावाहिन्या फार विरळ, म्हणून तिथला छोटा कॅन्सर मानेत क्वचितच जातो; शिवाय आवाज बसल्यामुळे तो लवकर सापडतो. एकाच घशात दोन बोटांच्या अंतरावर एवढा फरक पडतो.

‘वेगळी दिसत नाही’ याचे तीन अर्थ होऊ शकतात. शीर नुसती चपटी झाली असेल. तिच्यात रक्ताची गुठळी धरली असेल. किंवा गाठ तिची भिंत फोडून आत शिरली असेल. सीटीच्या कागदावरून हे तिन्ही एकसारखेच वाटतात. कलर डॉपलर सोनोग्राफी केली तर बरंच उलगडतं. प्रोबनं हलकं दाबलं की रिकामी शीर मिटते, गुठळी असलेली मिटत नाही. आणि आतल्या ऐवजात स्वतःचा रक्तप्रवाह दिसला तर ती गुठळी नुसत्या रक्ताची नाही, गाठीची आहे. साधी गुठळी असेल तर रक्त पातळ करणारं औषध द्यायचं की नाही, हा निर्णय नाजूक आहे, कारण घशातली जखम आधीच रक्ताळते आहे. तो कागद बघून कुणी परस्पर घेऊ नये.

ऑपरेशनच्या दृष्टीनं एका बाजूची शीर काढावी लागली तर त्याचं मोठं दुःख नाही. अमेरिकेतल्या जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये मानेतल्या ग्रंथी एकत्रित काढण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, त्यात ज्युग्युलर शीर काढणं हा नेहमीचाच भाग होता आणि पुढची कित्येक दशकं सगळे तसंच करत आले. आज जमेल तिथे आम्ही ती वाचवतो. गाठ भिंतीत शिरली असेल तर मात्र वाचवायचा हट्ट धरत नाही. वर-खाली बांधून गाठीसकट काढतो. खरी अडचण दोन्ही बाजूंच्या शिरा एकाच वेळी काढाव्या लागल्या तर येते. चेहरा सुजून डोळे मिटतात, मेंदूतला दाब वाढतो. म्हणून काकांच्या रिपोर्टात मी पुढचा शोध डाव्या शिरेचा घेईन. ती मोकळी आहे का? डाव्या मानेत ग्रंथी आहेत का? हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. आणि केमोसाठी छातीत पोर्ट (औषध शिरेत सोडायला त्वचेखाली बसवायची डबी) किंवा गळ्यातून लाइन टाकायचं ठरलं तर उजवी शीर दबलेली आहे हे टाकणाऱ्या डॉक्टरांना आठवणीनं सांगा. स्कॅन एका हॉस्पिटलात, पोर्ट दुसऱ्या, असं असलं की ही गोष्ट मध्येच कुठेतरी गळून पडते.

आता धमनी. कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवलं तर ठोके लागतात ती कॅरोटिड. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर ती दुभंगते: एक शाखा आत मेंदूकडे, दुसरी बाहेर चेहरा, जीभ, घसा यांच्याकडे. पायरीफॉर्म सायनसच्या बाहेर कंठमण्याच्या कुर्चेचं पान, आणि त्याच्या लगेच बाहेर ही धमनी. अंतर एवढंच.

धमनीची भिंत तीन थरांची, स्नायूंची आणि लवचिक तंतूंची. शिवाय आतून सतत ठोके. गाठीला ती शिरेसारखी दाबता येत नाही आणि चटकन फोडताही येत नाही. म्हणून गाठ धमनीच्या कडेकडेनं पसरते, सर्वांत बाहेरच्या सैल थराला धरून तिला वेढा घालते. आत रक्त नेहमीसारखं वाहत असतं. पेशंटला काही कळत नाही. धमनीचा आडवा छेद म्हणजे एक वर्तुळ, आणि त्या वर्तुळाचा किती भाग गाठीनं व्यापलाय हे अंशांत मोजतात. १८०च्या आत असेल तर भिंत बहुधा शाबूत असते. २७० अंश किंवा त्याहून जास्त वेढा असेल तर गाठ भिंतीत शिरलेली असण्याची आणि ती धमनीवरून सुरक्षित सोडवता न येण्याची शक्यता खूप वाढते. मधला पट्टा संशयाचा. मूळ गाठीनंच कॅरोटिडला पूर्ण वेढलं असेल तर स्टेजिंगमध्ये ती टी-४बी, म्हणजे मूळ गाठीच्या सर्वांत पुढच्या पायरीची, धरली जाते. काकांच्या बाबतीत धमनीला लागलीय ती मानेतली ग्रंथी आहे, तेव्हा तिची गणना ग्रंथींच्या स्टेजमध्ये होईल; सर्जनपुढचा प्रश्न दोन्हीकडे तोच.

स्कॅनवर ‘लागून आहे’ आणि प्रत्यक्षात ‘चिकटली आहे’ यांत पुष्कळ अंतर असतं. मान उघडून मोठा स्नायू बाजूला घेतला की पहिली गोष्ट मी करतो ती म्हणजे गाठीवर बोट ठेवून ती धमनीवरून हलते का हे पाहणं. हलली तर मध्ये चरबीचा पातळ, पिवळसर थर अजून शिल्लक आहे असं समजावं आणि काम सरळ होतं. हलली नाही तर धमनीच्या बाहेरच्या थरातून, तिच्या लांबीच्या दिशेनं, बारीक ब्लेडनं सोलत जावं लागतं. निरोगी थर पांढरट, ओलसर असतो. त्यावर केसाएवढ्या लाल रेषा दिसतात. धमनीच्या भिंतीला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या त्या वाहिन्या. गाठ शिरलेली जागा करडी आणि घट्ट असते, तिथे पातळी सापडेनाशी होते. अशा जागी ओढाताण करायची नसते. याच भागात, दुभाजकापाशी, रक्तदाब मोजणारी एक संवेदनशील जागा आहे, कॅरोटिड सायनस. तिथे हात लागला की भूलतज्ज्ञ लगेच सांगतात, ‘पल्स खाली येतोय.’ मग हात थांबवायचा, तिथे बधिर करणारं थोडं लिग्नोकेन सोडायचं आणि ठोके सावरले की पुढे जायचं.

हेच गाठही करू शकते. मान वळवल्यावर, गिळताना किंवा शर्टाची कॉलर घट्ट झाल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं, क्वचित बेशुद्ध पडणं, याचं कारण कधी कधी गाठीनं या जागेवर किंवा तिच्या मज्जातंतूवर आणलेला दाब असतो. काकांना असं होत असेल तर ‘अशक्तपणामुळे होतंय’ म्हणून सोडून देऊ नका. आणखी दोन गोष्टी घरी पाहता येतात. उजवी पापणी थोडी खाली आलीय का आणि उजवी बाहुली डावीपेक्षा लहान दिसते का? तसं असेल तर गाठ धमनीच्या मागच्या मज्जातंतूंच्या साखळीपर्यंत पोचल्याचं ते लक्षण आहे, आणि डॉक्टरांना ते कळलं पाहिजे.

मानेला मालीश अजिबात करू नका. गाठ ‘जिरवायला’ तेल लावून चोळणं, गरम लेप बांधणं, हे अजून घरोघरी चालतं. इथे आत काय आहे ते तुम्ही आता वाचलंत.

धमनी वेढलेली असेल तर ती कापून कृत्रिम किंवा दुसरीकडची शीर जोडता येत नाही का, असा प्रश्न नातेवाईक विचारतात. तांत्रिकदृष्ट्या येते. आधी फुगा फुगवून ती धमनी तात्पुरती बंद करून बघतात, मेंदूच्या तळाशी असलेलं धमन्यांचं कडं दुसऱ्या बाजूनं रक्त पुरवतंय का याची खात्री करतात. ही चाचणी नीट पार पडली तरी नंतर पक्षाघात होणार नाही याची हमी मिळत नाही. आणि कॅन्सर धमनीच्या भिंतीपर्यंत पोचलेला असतो तेव्हा तो सहसा तिथेच थांबलेला नसतो. म्हणून एवढी मोठी जोखीम घेऊन दीर्घकाळ फायदा होणारे पेशंट थोडेच. माझं मत या बाबतीत सावध आहे: खरंच पूर्ण वेढा असेल तर बहुतेकांना ऑपरेशनपेक्षा शेक (म्हणजे रेडिएशन) आणि औषधं यांचा विचार आधी करावा.

आता थुंकीतलं रक्त, म्हणजे तिसरी रक्तवाहिनी. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण इथे घरच्यांच्या हातात काहीतरी आहे.

पेशीला प्राणवायू सर्वांत जवळच्या केशवाहिनीतून मिळतो आणि तो ऊतीत फार तर ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंत पोचतो. म्हणून कॅन्सरचा पुंजका एक-दोन मिलिमीटरचा झाला की त्याची वाढ अडते. पुढे वाढायचं तर स्वतःचा रक्तपुरवठा हवा. ही कल्पना अमेरिकन सर्जन ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९८९ मध्ये व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळं काढण्यात आलं आणि चित्र स्पष्ट झालं. प्राणवायू कमी पडला की पेशीतली एक यंत्रणा जागी होते, व्हीईजीएफ तयार होतं आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. प्राणवायूची कमतरता पेशी कशी ओळखते हे शोधणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. जखम भरतानाही शरीर हीच यंत्रणा वापरते, पण काम झालं की बंद करते. गाठीत ती चालूच राहते.

अशा घाईनं फुटलेल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात. कुठे फुगलेल्या, कुठे अरुंद, भिंतीला बाहेरून आधार देणाऱ्या पेशी अपुऱ्या, जागोजागी गळती. परवानगीशिवाय मुख्य लाइनला भोक पाडून घेतलेले नळ असतात ना, तसा प्रकार: पाणी पुष्कळ ओढलं जातं, निम्मं वाटेत झिरपतं आणि शेवटच्या घराला थेंबही मिळत नाही. गळलेल्या द्रवामुळे गाठीच्या आतला दाब वाढतो, त्यानं त्याच वाहिन्या मिटतात आणि गाठीचा मधला भाग उपाशी राहून कुजतो. सीटीवर ‘मध्यभागी नेक्रोसिस’ लिहितात ते हेच. पृष्ठभागावर जखम होते, त्यात या नाजूक वाहिन्या उघड्या पडतात आणि खोकल्याच्या किंवा घासाच्या धक्क्यानंही रक्त येतं. पायरीफॉर्म सायनसला रक्त पुरवणारी सुपीरियर लॅरिंजियल ही छोटी धमनी गाठीमुळे जाड होऊ शकते आणि तिच्यातून जास्त रक्त जाऊ शकतं. तेव्हा मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून नेमकी ती शाखा बंद करता येते. ती कॅरोटिडची उपशाखा आहे, मेंदूची वाट नाही.

या वाहिन्या दुर्बिणीतून डोळ्यांनी दिसतात. काकांच्या तपासणीत डॉक्टरांनी मध्येच प्रकाशाचा रंग बदलून सगळं हिरवट-निळं केलं असेल. ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचा निळा-हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्यामुळे वाहिन्या गडद उठून दिसतात. निरोगी स्वररज्जूवर त्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या, फांद्यांनी पसरलेल्या दिसतात. कॅन्सर सुरू झाला की त्या खालून वर उभ्या चढतात आणि वरून पाहताना तपकिरी ठिपक्यांचा पुंजका दिसतो. पांढऱ्या प्रकाशात फक्त किंचित खरखरीत वाटणारी जागा या प्रकाशात ठिपक्यांनी भरून जाते. २०१६ मध्ये युरोपियन लॅरिंगॉलॉजिकल सोसायटीनं याच आडव्या-उभ्या भेदावर वर्गीकरण सुचवलं. पॅपिलोमा या साध्या गाठीतही उभे वेटोळे दिसतात, म्हणून ठिपके दिसले की कॅन्सरच असं नाही, बायोप्सी लागतेच. पण बायोप्सी कुठून घ्यायची आणि गाठीची खरी कड कुठे आहे, हे त्यातून फार छान कळतं.

घरच्यांच्या हातात काय आहे, असं मी म्हटलं ते आता. शेक पेशी मारतो तो बऱ्याच अंशी प्राणवायूच्या मदतीनं. प्राणवायूविना असलेल्या पेशींना तेवढंच नुकसान पोचवायला अडीच ते तीन पट डोस लागतो, आणि तेवढा देता येत नाही. गाठीच्या बिघडलेल्या वाहिन्यांमुळे आधीच आत उपाशी पेशी आहेत. त्यात काका शेक चालू असताना बिडी ओढत राहिले तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि गाठीपर्यंत पोचणारा प्राणवायू आणखी घटतो. म्हणून ‘आता कॅन्सर झालाच आहे, सोडून काय उपयोग’ हे वाक्य मी पेशंटच्या तोंडून ऐकलं की खाली बसून सगळं समजावतो. उपयोग आहे, आणि तो शेकाच्या याच सात आठवड्यांत आहे. बाजारातले सोबती प्रेमानं बिडी पुढे करतील. त्यांच्याशीही तुम्हीच बोला. तंबाखू आणि मिश्रीही सोडायलाच हवी.

हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याचं कारण शोधून उपचार शेक सुरू होण्याआधी करून घ्या. लोह, आहार, गिळता येत नसेल तर वेळेवर नाकातली नळी, गरज पडली तर रक्त. मात्र ‘हिमोग्लोबिन वाढवायचं इंजेक्शन’, म्हणजे एरिथ्रोपोएटिन, स्वतःहून मागू नका. मान-घशाच्या कॅन्सरमध्ये शेकासोबत ते देऊन पाहिलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. रक्त वाढलं, पण कॅन्सर उलट कमी आटोक्यात राहिला.

मग नव्या वाहिन्याच फुटू न देणारं औषध द्यावं, हा विचार साहजिक आहे. बेव्हॅसिझुमॅब हे व्हीईजीएफला अडवणारं औषध आतड्याच्या कॅन्सरमध्ये वापरलं जातं. परतलेल्या मान-घशाच्या कॅन्सरमध्ये केमोसोबत ते देऊन पाहिलं. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत आयुष्य ठोसपणे वाढलं नाही आणि रक्तस्राव मात्र वाढला. मोठ्या धमन्यांना लागून असलेल्या गाठीत मी त्याच्या बाजूनं नाही. दुसरी एक वाट आपल्याकडची आहे: मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या थोड्या मात्रेत सतत देणं. यात नव्या वाहिन्यांनाही आळा बसतो असं मानतात. टाटा मेमोरियलच्या २०२० मधल्या चाचणीत, जिथे बरं होण्याची आशा उरलेली नव्हती अशा पेशंटमध्ये, या गोळ्यांवर मध्यम आयुर्मान ७.५ महिने आणि सिस्प्लॅटिन इंजेक्शनवर ६.१ महिने निघालं. काकांची अवस्था ती नाही. त्यांचे उपचार बरं करण्याच्या हेतूनंच आखले जातील. पण कुणी या गोळ्यांचं नाव घेतलं तर त्या कुठल्या टप्प्यावरच्या आहेत हे माहीत असावं.

‘नस फुटेल का’ याचं उत्तर आता देतो. उपचारांआधी, १८० अंशांच्या आत लागलेल्या गाठीमुळे कॅरोटिड फुटणं फार दुर्मीळ. जोखीम वाढते ती उपचारांनंतर, तीही ठरावीक परिस्थितीत. धमनीच्या बाहेरच्या थरातल्या ज्या केसाएवढ्या वाहिन्या मी वर सांगितल्या, त्या भिंतीच्या बाहेरच्या भागाला पोसतात. ऑपरेशनमध्ये तो थर सोलला जातो, शेकानं त्या वाहिन्या बुजतात. त्यावर घशाचे टाके सुटून लाळ मानेत झिरपू लागली, जंतू वाढले, तर लाळेत भिजणारी धमनी दिवसेंदिवस कमजोर होते. दुसऱ्यांदा शेक दिलेल्यांत आणि गाठ त्याच जागी परतलेल्यांत धोका सर्वांत जास्त. म्हणून शेक झालेल्या मानेत स्वरयंत्र काढावं लागलं तर आम्ही छातीचा स्नायू त्याच्या रक्तपुरवठ्यासकट वर फिरवून धमनीवर पांघरतो. छातीवरचा तो व्रण पाहून घरचे हळहळतात, पण लाळ आणि धमनी यांच्यात जिवंत मांसाचा पडदा असणं किती मोलाचं आहे हे जखम चिघळली की कळतं.

अशी धमनी फुटण्याआधी बऱ्याचदा इशारा देते. तोंडातून, मानेच्या जखमेतून किंवा श्वासासाठी गळ्याला केलेल्या भोकातून लालभडक रक्त येतं, चमचाभर, कपभर, आणि आपोआप थांबतं. थांबलं म्हणून घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि सकाळी ओपीडीत जाऊ म्हणतात. ऑपरेशन किंवा शेक झालेल्या पेशंटमध्ये असं कधीही करू नका. त्याच रात्री निघा. सीटी अँजिओग्राफीत धमनीवर फुगवटा दिसला तर आतून झाकलेला स्टेंट घालून किंवा ती धमनी बंद करून जीव वाचवता येतो. पण तो पहिल्या इशाऱ्यानंतरच्या वेळेत.

जोरात रक्त आलं तर: बाहेरून जखमेतून येत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून हातानं घट्ट दाबून धरा आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत उचलून पाहू नका. तोंडातून येत असेल तर उताणं झोपवू नका. पुढे वाकवून बसवा किंवा कुशीवर ठेवा, म्हणजे रक्त श्वासनळीत जाणार नाही. पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा. आणि खाडी ओलांडून परळच्या टाटाला नेण्याचा विचार त्या क्षणी सोडून द्या. वाशीच्या पुलावर आणि पुढे सायनपर्यंत गाडी अडकली तर हातातली वेळ संपते. ठाण्यात राहणाऱ्यांनाही हेच सांगतो. आधी सर्वांत जवळचं, चोवीस तास भूलतज्ज्ञ आणि आयसीयू असलेलं हॉस्पिटल. रक्त आणि श्वास सावरल्यावर मग तिथून अँजिओग्राफीची सोय असलेल्या ठिकाणी. ते हॉस्पिटल कोणतं, हे आजच ठरवून घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

सध्या काकांच्या थुंकीत येतं तसं थोडं, लाळेत मिसळलेलं रक्त वेगळं. ते डॉक्टरांच्या कानावर घाला, पण घाबरू नका. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर तेही सांगा. मनानं बंद करू नका, विशेषतः स्टेंट बसवलेला असेल तर.

उपचार यशस्वी झाले की एक गोष्ट सगळे विसरतात. शेकानंतर काही वर्षांनी कॅरोटिडच्या आतल्या थरात चरबीचे थर लवकर साचतात, धमनी अरुंद होते आणि पक्षाघाताची शक्यता वाढते. तेव्हा पुढे ठरावीक काळानं मानेचं डॉपलर, आणि बीपी, साखर, कोलेस्टेरॉल यांवर लक्ष. कॅन्सर बरा झालेला माणूस पाच-सात वर्षांनी पक्षाघातानं अंथरुणाला खिळावा, याचं फार वाईट वाटतं.

जाता जाता, हे वाचणाऱ्या इतरांसाठी. कॅरोटिडजवळची प्रत्येक गाठ कॅन्सर नसते. दुभाजकाच्या बेचक्यात वाढणारी कॅरोटिड बॉडीची गाठ दोन शाखांना एकमेकींपासून फाकवते. बोटांनी ती डावी-उजवीकडे हलते, वर-खाली हलत नाही, आणि ठोके लागतात. तिच्यात रक्त प्रचंड असतं, तिची सुईनं किंवा कापून बायोप्सी करायची नसते. स्कॅनवरच निदान होतं. तसंच वयस्कर माणसांत कॅरोटिड वळण घेऊन घशाच्या मागच्या भिंतीपाशी येऊ शकते आणि तोंड उघडल्यावर तिथे ठोके देणारा फुगवटा दिसतो. ती गाठ नव्हेच. ठोके देणाऱ्या कुठल्याही फुगवट्याला स्कॅनआधी सुई लावू देऊ नये.

तुम्ही खारघरच्या टाटाला, म्हणजे ॲक्ट्रेकला, किंवा दुसऱ्या कुठल्या मोठ्या केंद्रात दाखवणार असाल तर रिपोर्टाच्या कागदाबरोबर स्कॅनची सीडी नक्की न्या, आणि बायोप्सीच्या काचपट्ट्या व ब्लॉकही. १८० अंश हा आकडा एका डॉक्टरांनी चित्रावर मोजलेला असतो. दुसरे डॉक्टर तीच चित्रं स्वतः पाहून मोजतील, आणि ऑपरेशन आधी की शेक-केमो आधी हे त्यावर ठरेल. स्कॅन जुना असेल तर ते नवा मागतील. मूत्रपिंडाची क्रिएटिनिन तपासणी आधीच करून ठेवलीत तर कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देताना खोळंबा होणार नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि पहिल्या भेटीतच तिथल्या आरोग्यमित्राला गाठा.